भावोजींचे दोन निळे

युद्धातल्या विमानांकडे माझ्या थोरल्या भावोजींइतक्या निर्वैर नजरेनं पाहणारा माणूस मला पुन्हा भेटणार नाही. विमान किती वेगानं जायचं, त्याला किती बंदुका होत्या, ते कोण उडवायचं, यातलं काहीच त्यांना नको असे. त्यांचं लक्ष फक्त पंखावरच्या गोल खुणेवर. ती खूण कोणत्या महिन्यात कशी होती, कधी बदलली आणि का बदलली एवढं कळलं की त्यांच्यापुरतं ते युद्ध संपलं. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायचं म्हणून बसतो आणि एखाद्या ओळीपुढे जात नाही, म्हणून आज सावकाश लिहितो आहे.

भावोजी तारापूरच्या एका कारखान्यात रंगारी होते. सगळी नोकरी त्यांनी पाइप रंगवण्यात काढली. पाण्याचा हिरवा, हवेचा आकाशी, आम्लाचा जांभळा. "रंग चुकला की मानूस भलताच कॉक उघडतो, मास्तर," असं ते मला बजावत, जणू मी पालघरच्या शाळेत इतिहास न शिकवता आम्लाच्या टाक्याच सांभाळत होतो. पुढे बोईसरच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या रंगीत चित्रांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं आणि आपलाच धंदा आकाशातही चालतो हे पाहून ते हरखून गेले. दर रविवारी मी कुंभवलीला त्यांच्या घरी जायचं, चित्राखालचा मजकूर मराठीत सांगायचा आणि त्यांनी तो वहीत उतरवायचा, असा आमचा नेम झाला. मग ते सागाच्या तुकड्यातून वीतभर विमान कोरत आणि मिशीच्या केसाएवढ्या ब्रशनं रंगवत. शेजारच्या खोलीतल्या बिहारी कामगारानं एकदा विचारलं, "चाचा, ये उड़ेगा कब?" भावोजी अतिशय गंभीरपणे म्हणाले, "ये उडने का नहीं है. पहचानने का है."

अचूकपणाच्या बाबतीत त्यांना जागेचं किंवा माणसांचं भान राहत नसे. आमच्या शाळेच्या प्रदर्शनात मुलांनी एका अमेरिकन विमानाचं चित्र लावलं होतं. पाहुणे फीत कापत असताना मागून आवाज आला, "ह्या चांदणीच्या पोटात लाल ठिपका हाय, आनि बाजूला पट्टे पन हायेत. पट्टे आले तवा ठिपका गेलेला व्हता. दोन्ही एका वेळी कसे?" पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. परतीच्या वाटेवर भावोजी मलाच म्हणाले, "तुजी लाज राखली, मास्तर. पोरं चुकीचं शिकली असती."

त्यांचा सगळ्यात जास्त जीव होता तो ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या विमानांवर. इंग्रजांच्या गोल खुणेत मधोमध लाल असे आणि जपान्यांची खूण म्हणजे नुसता लाल सूर्य. लांबून घाईत फक्त लाल दिसायचं आणि आपलेच लोक आपल्या विमानावर गोळ्या झाडायचे. म्हणून त्या बाजूला खुणेतला लाल काढून टाकला. पुढे गडद निळ्याच्या आत फिका निळा असं वर्तुळ आलं, पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे आले. हे मी वाचून दाखवलं तेव्हा भावोजींनी लिहायचं थांबवलं. मग म्हणाले, "हुकूम कुनीबी काढील. पन तो लाल झाकायला शिडीवर एक रंगारी चढला असंल ना? त्याचं नाव बघ." मी सगळं पुस्तक चाळलं. नाव नव्हतं. आठवडाभर ते माझ्याशी तुटक बोलत होते, जणू ते मीच खोडलं होतं.

या दोन निळ्यांची त्यांनी अकरा विमानं केली. पण ती करता करता त्यांना रंगांचा राग येऊ लागला. "हल्लीच्या निळ्यात दम नाय," म्हणत ते फिक्या निळ्यात गडद ओतत राहायचे. पांढरा पिवळट निघतो म्हणून त्यातही निळ्याचे दोन थेंब टाकायचे. पालघरच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला तेव्हा कुठे उलगडा झाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर त्यांनी चहाही न घेता फळीवरची अकरा विमानं पाहिली. दोन निळे जवळजवळ एकच झाले होते आणि पांढरे पट्टे नीळ जास्त झालेल्या धोतरासारखे दिसत होते. मी तिथेच होतो.

"हे कोनी रंगवलं?" त्यांनी माझ्या ताईला विचारलं.

"तुमीच."

"तुला दिसत व्हतं?"

"दिसत व्हतं. चार वर्सं."

"मंग बोलली का नाय?"

"जल्मभर रंगाचं तुमी सांगितलं नि आमी ऐकलं," ताई म्हणाली. "आता तुमचे डोळे गेले, ते मी कशी सांगू?"

दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला हाक मारून शेजारी बसवलं. अकराच्या अकरा पुन्हा रंगवायची होती आणि एकाच डोळ्याच्या साक्षीवर त्यांचा विश्वास नव्हता. ताई आमच्या नवापूरची, मासळी निवडण्यात वाढलेली. ती थाळीतल्या रंगाकडे बघून निकाल द्यायची, "हा शिळा बांगडा. हा ताजा." भावोजी कुरकुरत, "हितं इमान चाललंय, बाजार नाय," आणि निमूटपणे तिनं सांगितलेला ताजा बांगडा पंखावर चढवत. त्या महिन्यांत मी गेलो की पुस्तक उघडायची वेळच यायची नाही. त्यांचं भांडण ऐकत बसणं मला जास्त आवडायचं.

सात विमानं झाली. आठवं हातात घ्यायच्या आधी एका दुपारी ते झोपेतच गेले.

तेरावा झाल्यावर मी बोईसरहून दोन निळ्यांचे आणि पांढऱ्याचे डबे घेऊन कुंभवलीला गेलो. राहिलेली चार मी पुरी करीन, असं ताईला म्हणालो.

"नको," ती म्हणाली.

"ताई, चुकलेली तशीच ठेवलेली त्यांना सहन झाली नसती."

"ठावं हाय मला. पन ह्या चारांत त्यांना दिसायचं तसं हाय. चार वर्सं मी बाजूला बसून माज्या डोळ्यांनी बघत व्हती, नि मनात म्हनायची, चुकतायत. त्यांना कसं दिसतंय ते मी एकदा पन बघितलं नाय."

तिनं एक विमान उचलून खिडकीशी नेलं. मी डबे पिशवीतच ठेवले आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. उजेडात पंखावरचे पट्टे सरळ निळे दिसत होते. ताई डोळे बारीक करून पाहत राहिली.

"पांढरंच हाय," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.