गार पाण्याचा तांब्या

दुखणं खरं ठरण्यासाठी तुमच्या घरात माणसाला मरावं लागतं का? आमच्या घरात लागलं. महिन्यापूर्वी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला. मी जयनगरला पोचले, तेव्हा अंगणात तीन विटांवर वत्सलाक्काच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी तापत होतं…

अक्का माझी चुलत बहीण, शाळेत गणित शिकवायची. एकदा फळ्यावर लिहिताना हातातला खडू गळाला. मग एक डोळा धुरकटला, मग पाय जड झाले. मल्टिपल स्क्लेरोसिस, डॉक्टर म्हणाले. उष्णतेनं त्रास वाढतो, गरम पाणी टाळा, असंही बजावलं. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या काकूनं, ठरवलं की हा वात. दर शनिवारी एरंडेल चोळून कढत पाण्याची आंघोळ सुरू झाली. काकू ती मायेनं घालायची, हेच भयंकर. न्हाणीतून बाहेर येईस्तोवर अक्काचे पाय लुळे, डोळ्यांपुढे अंधार. अंग निवलं की ती जरा सावरायची आणि काकू जिंकल्यासारखी म्हणायची, "बघ, तेलानं उतार पडला. मघाचं सगळं सोंग."

"आई, स्वल्प, थोडं गार घाल गं," अक्का म्हणायची. "कढत मेल्यावर घाल, तेव्हा मी भांडणार नाही."

पुढे ती भांडायचीही थांबली. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मला एकदा म्हणाली, "पाय दुखतात हे सांगता तरी येतं. सकाळ झाली की सकाळच दुखते, ते कुणाला सांगू?" डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या. काकूनं त्या फळीवरच्या डब्यामागे ढकलल्या. वेडाच्या गोळ्या कुणी पाहिल्या तर धाकटीचं लग्न कसं जमणार? पाहुणे यायचे, चहा पिता पिता अक्कासमोरच म्हणायचे की बसून खाणाऱ्यांनाच असले आजार सुचतात. मी महिला संघटनेत काम करते; काकूशी भांडले, तर म्हणाली, "तुझी पत्रकं रस्त्यावर वाट." शेवटी अंथरुणातच अक्काच्या छातीत कफ साठला, न्यूमोनिया झाला आणि ती गेली.

विटांवरचं पाणी उतरवलं. काकूनं त्यात बोट बुडवलं आणि झटकन काढलं.

"थांबा. तिला कढत सोसत नाही."

तिनं नळावर तांब्या भरून आणून ओतला. मग आणखी एक…

तो तांब्या अजून न्हाणीच्या कट्ट्यावर असतो. काकू रोज तो गार पाण्यानं भरून ठेवते. मला तो बघवत नाही, संताप होतो. तुमच्या घरात कुणी "सोसत नाही" म्हणत असेल, तर तिच्याकडे पुरावा मागू नका. डब्यामागे ढकललेल्या गोळ्या आज पुढे काढा. पाणी कसं हवं ते तिला विचारा, आणि ती सांगेल तेवढं गार होऊ द्या.