घराचं माप

रत्नप्रभा मेस्त्री घाटकोपरला डोंगराखालच्या शाळेत चौथीला शिकवायच्या. साल चौऱ्याऐंशी. वर्गातली बहुतेक पोरं वरच्या झोपड्यांतली. 'लांबी गुणिले रुंदी' हे सगळ्यांना तोंडपाठ होतं, पण फळ्याचं क्षेत्रफळ म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की वर्ग चिडीचूप.

बाईंनी मग घरी बसून पुठ्ठ्याच्या जुन्या खोक्यांचे फूटभर लांब, फूटभर रुंद तुकडे कापले. वर्गातला लांबडा बाक आणि आपलं चौकोनी टेबल पोरांपुढे ठेवून विचारलं, "मोठं कोण?"

"बाक!" सगळे ओरडले.

"मग झाका बघू पुठ्ठ्यांनी."

बाकावर सहा तुकडे बसले, टेबलावर नऊ. पोरं बघतच राहिली. राधा टुणकन उठली. "बाई, लांबडं असलं म्हणून मोठं नसतं!"

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिला जवळ ओढून घेतलं. त्या शनिवारी त्यांनी हौसेने अभ्यास दिला. सुतळी घ्या, आपापलं घर मोजा आणि जमिनीवर असे किती पुठ्ठे बसतील ते काढून आणा.

सोमवारी वर्ग जवळजवळ रिकामा. राधाही नव्हती.

हेडमास्तर बळवंतराव दारातच उभे होते. "काय करून ठेवलंत, बाई? पलीकडची वस्ती गेल्या वर्षी कशी उठली, माहीत नाही? आधी टेप घेऊन पालिकेची माणसं आली, आठवड्याने तोडायची गाडी. आणि तुम्ही पोरांच्या हातात सुतळी दिलीत!"

एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही? शाळा सुटल्याबरोबर त्या डोंगर चढू लागल्या. त्यांना पाहून बायका आत जात होत्या, दारं लागत होती. राधाची आई सखुबाई मात्र उंबऱ्यातच उभी राहिली.

"अजून काय मोजायचं राहिलं?"

"सखुबाई, गणित होतं हो ते. क्षेत्रफळाचं."

"शिकवायला आमचंच घर गावलं तुम्हाला?"

"शपथ घेते. कुणी काही विचारलेलं नाही मला. हवं तर पोरांना माझ्या घरी पाठवा, माझी खोली मोजू दे त्यांना."

"तुमची खोली कोण पाडतंय, बाई?"

आत अंधारात राधा भिंतीला चिकटून बसली होती. तिच्या गालावर बोटं उमटली होती. बाईंनी "राधा" अशी हाक मारली, तशी तिने गुडघ्यांत डोकं घातलं.

तरी बाई रोज संध्याकाळी वर जात राहिल्या. हात जोडले, शिव्या खाल्ल्या. हळूहळू काही पोरं परतली. राधा नाही आली. आणि परीक्षा तोंडावर आली असताना एका सकाळी खरोखरच गाडी आली.

वरची अख्खी ओळ पाडायचं कित्येक महिन्यांपूर्वीच ठरलं होतं म्हणे. पोरांच्या सुतळीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण ते कोण कुणाला पटवणार? बाई वर्ग तसाच टाकून धावत वर गेल्या. वाकलेले पत्रे, सांडलेलं पीठ, भांड्यांचा ढीग आणि त्यात बसलेली सखुबाई. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फक्त एकदा बाईंकडे पाहिलं आणि पोरीचा हात धरून पाठ फिरवली.

त्यानंतर बाईंचं अन्नावरून मन उडालं. कुणी म्हणे राधाच्या घरची माणसं मानखुर्दला गेली, कुणी म्हणे गोवंडीला. रविवार आला की बाई शोधत फिरायच्या. नवरा वैतागला. "अगं, तू काय पाडलंस का त्यांचं घर?" पुढच्या रविवारी बाई पुन्हा निघायच्या.

शेवटी गोवंडीत, कचऱ्याच्या डोंगराच्या अलीकडे, पाण्याच्या रांगेत सखुबाई दिसली. शेजारी राधा, कमरेवर कळशी.

"तुमचा दोष नाही, मला कळतं आता," सखुबाई थकल्या आवाजात म्हणाली. "पण हिला सांगा. झोपेत दचकून उठते. मी मोजलं म्हणून घर गेलं, म्हणते."

बाई तिथेच चिखलात राधासमोर बसल्या. "नाही गं बाळा. तुझ्यामुळे नाही. तू मोजलं नसतंस तरी ते आलेच असते."

राधा खाली बघत पुटपुटली, "मी पुरतं मोजलंच नव्हतं, बाई. एकच बाजू झाली होती. तेवढ्यात आईने मारलं."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. "जूनमध्ये इथल्या शाळेत हिचं नाव घालू या," त्या म्हणाल्या. "मी स्वतः येते."

सखुबाई उत्तर देणार, तोच पुढे नळाला पाणी आलं आणि रांगेत एकच रेटारेटी सुरू झाली. राधा कळशी सावरत त्या गर्दीत शिरली. बाई उठून उभ्या राहिल्या, टाचा उंचावून बघत राहिल्या. एवढ्या डोक्यांत तिचं डोकं कुठलं, ते काही केल्या त्यांना कळेना.