चावी न देणारे शेषराव मिस्त्री

शेषराव मिस्त्री गाडी दुरुस्त करायचे, पण लगेच चावी द्यायचे नाहीत. आधी गाडीच्या मालकाला स्टेअरिंगवर बसवायचे, आपण शेजारच्या डाव्या सीटवर बसायचे आणि हायवेच्या सरळ पट्ट्यावर, पुढे-मागे कोणी नाही असं बघून म्हणायचे, “सोडा हात.” मालक बिचकायचा. “सोडा ना! या सीटवर तुमची बायको बसनार हाय. आज मी बसलो.” गाडी सरळ गेली तर चावी मिळायची. जरा जरी एका अंगाला ओढली, तर गाडी परत शेडमध्ये आणि मालक बसने घरी.

आमच्या तेलुगू मुलखातल्या गुडीहत्नूरला हायवेच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. मी तिथल्याच शाळेत मराठी शिकवतो, गाव माझं बेला. दर शनिवारी गावी जायला मी एक जुनी गाडी घेतली होती आणि तिला रस्त्यापेक्षा कापसाच्या शेतांची ओढ जास्त. शहरात तीनदा चाकांची अलाइनमेंट करून घेतली. दर वेळी यंत्रातून छापील कागद मिळायचा, सगळे आकडे हिरवे. पंधरा दिवसांत गाडी पुन्हा डावीकडे. मिस्त्रींनी कागद बघितलाच नाही. गाडीखाली शिरले, चाक दोन्ही हातांनी हलवलं आणि बाहेर येऊन म्हणाले, “गुर्जी, रोग्याले ताप हाय अन् हे लोकं त्याच्या कपड्याले इस्त्री करून राह्यले. रॅक गेला तुमचा.”

स्टेअरिंग फिरवलं की ते फिरणं दोन्ही चाकांपर्यंत पोचवणारी आडवी दांडी म्हणजे रॅक, हे मला त्या दिवशी कळलं. नवा रॅक बसवताना ते स्टेअरिंग एका टोकाला नेत, तिथून दुसऱ्या टोकापर्यंत किती वेढे होतात ते मोजत आणि बरोबर मध्यावर थांबत. मोजायचे मात्र तेलुगूत, “ओकटी, रेंडू, मूडू...” बोलणं आमच्यासारखंच वऱ्हाडी वळणाचं, पण उमेदवारी बेल्लमपल्लीला खाणकामगारांच्या वस्तीत झालेली. उस्तादाने ज्या भाषेत मोजायला शिकवलं त्या भाषेत चूक होत नाही, असा त्यांचा दावा होता.

तरी माझ्या गाडीत ती झालीच. गाडी दोरीसारखी सरळ चालत होती, मी खूश होतो. चार दिवसांनी मिस्त्री शाळेच्या फाटकाशी उभे. मी गाडी आत घेताना ते बघत होते. “डावीकडं एका दमात वळते. उजवीकडं तुमाले मागं घ्या लागते. पाह्यलं का?” मी पाहिलं नव्हतं. “मध्य चुकला माह्याकडून. मंग दांड्या कमीजास्त करून चाकं सरळ केली, म्हनून समोर जाताना कळत न्हाई. उद्या आना, खोलतो.” मी म्हटलं, राहू द्या, मला काही अडचण नाही. ते असे काही उखडले की मी मुकाट्याने दुसऱ्या दिवशी गाडी नेली. सगळं पुन्हा खोललं, चारी चाकांना सुताची दोरी ताणून पट्टीने माप घेतलं. स्वतःची चूक दारात येऊन सांगणारा कारागीर मी दुसरा पाहिलेला नाही.

मिस्त्रींच्या शेडची जागा एका शेठची. आमच्या शाळेत आसपासच्या खेड्यांतून मुलं आणणारी व्हॅनही त्याचीच. तिचा रॅक गेला, तेव्हा शेठने भंगारातून एक जुना आणला. मिस्त्रींनी तो हलवून बघितला आणि बसवायला नकार दिला. शेठने तो दुसरीकडून बसवून घेतला आणि व्हॅन पुन्हा मिस्त्रींच्या दारात आणली, “आता फक्त चाकं सरळ करून दे.”

तेव्हा मी तिथेच होतो. मिस्त्री व्हॅनखाली गेले. बराच वेळ खुडबुड चालली. बाहेर आले तेव्हा हातात टायरॉडचं टोक होतं, म्हणजे रॅक आणि चाक यांना जोडणारा तुकडा. तो नसेल तर गाडी जागची हलवता येत नाही.

“रॅक खुळखुळून राह्यला. चाकं सरळ केली तं पोरायच्या मायबापाले वाटन, गाडी सुधरली. मी करत न्हाई.”

शेठ भडकला. “जागा कोनाची हाय, मालूम हाय ना?”

“जागा तुमची हाय, शेठ. लेकरं तुमची न्हाईत.”

शेठने आठ दिवसांत शेड खाली करायला सांगितलं आणि तो निघून गेला. आणि मी, ज्याच्या वर्गात त्या व्हॅनमधली चौदा मुलं बसतात तो मी, काय म्हणालो? “मिस्त्री, जरा सबुरीनं घ्या. पान्यात राहून मगराशी वैर कायले?” हे आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

ते माझ्याकडे वळले. “काऊन गुर्जी, तुमी शिकवता ना त्यायले? मंग असं करू. मी जोडून देतो. उद्या सकाळी तुमी त्या व्हॅनमंदी बसा, पोरायसंगं.”

त्यांनी तो तुकडा फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. “माह्यापाशी ठेवला तं चोरीचा आळ घेतीन. तुमी ठेवा. नवा रॅक आनला का देजा.”

आठ दिवसांची मुदत मिस्त्रींनी वापरलीच नाही. दुसऱ्याच दिवशी पत्रे उतरवले, हत्यारं ट्रॅक्टरवर चढवली आणि शेड होती तिथे एकटी व्हॅन उरली. इकडे मी घाबरत घाबरत मुलांच्या वह्यांत लिहून दिलं की व्हॅनचं स्टेअरिंग बिघडलेलं आहे, नवा रॅक बसेपर्यंत मुलांना तिच्यातून पाठवू नये. खाली सही केली. कोणी ऑटोने आलं, कोणी बापाच्या मोटारसायकलवर.

तिसऱ्या दिवशी शेठ शाळेत आला, थेट वर्गाच्या दारात. “गुर्जी, माही वस्तू तुमच्यापाशी हाय, मालूम पडलं. द्या. शहरातून मिस्त्री बोलावला हाय. अन् ती चिठ्ठी वापस घ्या. शाळेच्या कमिटीत माही वळख हाय, नोकरी करा लागते ना तुमाले?”

टेबलामागे माझे पाय लटलटत होते. समोर चाळीस पोरं टक लावून बसलेली. मी म्हटलं, “वस्तू तुमचीच हाय, शेठ. पन नवा रॅक आना, तवाच देतो. चिठ्ठी वापस होनार न्हाई.” आवाज चिरका निघाला, पण निघाला. माझी नोकरी गेली नाही, इतकंच सांगतो. आठवड्याने नवा रॅक आला. मुलांच्या आईबापांनी अट घातली होती, की तो मिस्त्रींनीच बसवायचा. त्यांनी तो बसवला.

शेठने जागा मात्र परत दिली नाही आणि मिस्त्रींनी मागितलीही नाही. आता ते बेल्याच्या रस्त्याला ताडपत्री ताणून काम करतात. उन्हाळ्यात तिथे पाना हातात धरवत नाही. कोणी कीव केली तर शिव्या खातो.

परवा त्यांना म्हटलं, “मिस्त्री, त्या दिवशी शेठसमोर माहे पाय लय कापत होते. तुमच्यासारखी छाती न्हाई आपली.”

ते टायरशी वाकलेले होते. मान वर न करता म्हणाले, “माहे बी कापत होते. पाय कापले तं कापू द्या, गुर्जी. तोंडानं ‘न्हाई’ म्हना लागते.”