बॉल मी देखस

बातमी चार ओळींची होती. भुसावळच्या वार्ताहरानं पाठवलेली : जलवाहिनीसाठी खोदलेल्या चरात पडून वृद्धाचा मृत्यू. जळगावच्या कार्यालयात ती माझ्याच टेबलावर आली. शीर्षकातला एक शब्द कमी करून मी नाव वाचलं. सुपडूआबा होते. वार्ताहर फोनवर म्हणाला, "सर, सकाळची वेळ, लख्ख ऊन. कमरेएवढा चर माणसाला दिसला कसा नाही?" मला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, "आहे तेवढंच जाऊ दे." त्याला आता सहा आठवडे झाले.

आबा मूळचे पारोळ्याकडचे. भुसावळला रेल्वे वसाहतीमागच्या गोल्फच्या मैदानावर माळी म्हणून लागले आणि साहेबांचे फटके बघत बघत स्वतःच शिकवू लागले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी रविवारी सकाळी तिथं जाऊन आबांकडे खेळ शिकू लागलो. नवशिक्याची मोठी चूक एकच, असं ते सांगत. काठी चेंडूला लागायच्या आत तो मान वर करतो, चेंडू कुठं गेला ते बघायला. मान उचलली की खांदे उचलतात, काठी चेंडूच्या डोक्यावर बसते आणि चेंडू उडायचा सोडून जमिनीवरून सरपटत जातो. यावर आबांचा उपाय होता सरकीचा. खिशातून एक दाणा काढून ते चेंडूशेजारी ठेवत. फटक्यानंतर दाणा कुठं आहे ते सांगायचं. सांगता आलं नाही, तर मान वर गेलीच. "मुंडकं खाले ठेव. तू सरकी देख. बॉल कथा जास ते मी देखस." चेंडू कुठं जातो ते बघणं आबांचं काम. साहेब असो की व्यापारी, सगळ्यांना अरेतुरे. एक निवृत्त इंजिनिअर वैतागून म्हणाले होते, "आबा, सरकी म्हशीला घाला, मला बॉल बघू द्या." आबा शांतपणे म्हणाले, "म्हैस तुनापेक्षा लवकर शिकती, साहेब."

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी तीच चूक केली. मान वर गेली, आणि चेंडूऐवजी मला आबांचा चेहरा दिसला. डोळे मिटलेले. कान मैदानाकडे वळवलेला. चेंडू बाभळीत शिरला, पाला वाजला, तेव्हा ते म्हणाले, "डावीकडे, बाभळीत." मग थोडं थांबून, "वर देखं ना तू?"... फटक्याच्या आवाजावरून त्यांना तेही कळलं होतं. त्यांनी डोळे उघडले. मी त्यांच्या तोंडासमोर हात हलवला. पापणी हलली नाही.

"कोनले सांगू नको, भाऊ," ते म्हणाले. "मंग माले आठे कोनी येऊ देनार नही."

मी शब्द दिला. जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतो, असं एकदा म्हणालो. ते म्हणाले, बघू. पुन्हा मी विषय काढला नाही. काय छापायचं आणि काय ठेवून द्यायचं, हे ठरवणं हीच माझी नोकरी. हेही मी ठेवून दिलं, आणि ती माया आहे असं मला वाटत होतं. आबा रस्त्यानं आवाजांच्या आधारानं चालत. ट्रॅक्टर, सायकल, पिठाची गिरणी, नळावरच्या बायका. चराला आवाज नसतो.

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, पुढे अंगण. दारापासून न्हाणीपर्यंत कमरेच्या उंचीवर सुताची दोरी बांधलेली. मध्ये एक गाठ होती, तिथं पायरी. हात लागून लागून दोरी काळी, गुळगुळीत झालेली. अक्कांनी, आबांच्या पत्नीनं, चहा दिला. "ते म्हनेत, पेपरवाला भाऊले ठाऊक शे. पन तो भला मानूस, कोनले सांगस नही." हे त्यांनी कौतुकानं सांगितलं.

निघताना अक्का दोरीपाशी उभ्या होत्या. "भाऊ, सोडी टाकू का आते ही?"

मी वाकून दोरीखालून बाहेर पडलो.