चौथं ठिगळ

धुळ्याला देवपुरात आमच्या समोरच्या ओट्यावर एक म्हातारी दिवसभर गोधडी शिवत बसायची. सगळे तिला अक्का म्हणत. नाव मी कधी विचारलं नाही. गल्लीतून कोणी बिऱ्हाड हलवलं, की ती आपणहून त्यांना गोधडी द्यायची. अट एकच. घरात झोपणाऱ्या प्रत्येकाचं एकेक अंगावरचं जुनं कापड आणून द्यायचं. ते ती आधी नाकाला लावायची, सुई केसांतून फिरवायची आणि मगच टाका घालायची.

माझी जळगावला बदली झाली, तेव्हा मी यांचा शर्ट, मुलीचा फ्रॉक आणि माझी साडी दिली. निघायच्या सकाळी गोधडी हातात आली, तर ठिगळं चार होती. चौथं हिरवं, पिवळ्या फुलांचं.

"अक्का, हे कोणाचं?"

तिने दाताने दोरा तोडला. "तठे पहिलेच एक जणी शे, माय. तिले बी थंडी वाजस."

तिथे आधीच कोणी बाई आहे म्हणे! वय झालंय अक्काचं, म्हणून मी हसण्यावारी नेलं.

जळगावात मेहरूणच्या भाड्याच्या घरात सामान लावताना माळ्यावर एक ब्लाउज सापडला. हिरवा, पिवळ्या फुलांचा. मी तो धुतला, घडी करून परत तिथेच ठेवला. घरमालकांना काही विचारलं नाही.

परवा दुपारी मुलगी अख्खी गोधडी अंगावर ओढून पडली होती. मी स्वयंपाकघरातून सहज म्हणाले, "अगं, तिला पुरू दे."

कोणाला, असं मुलीने विचारलं नाही. ती नुसती सरकली.