सूर्याचे वरिष्ठ

“सूर्य आपल्या हाताखाली हाय,” आबा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. मग आभाळाकडे बघून जोडत, “फकस्त ढगांची ऑर्डर वरनं निघती.”

नव्वदच्या दशकात तिसगावच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात मी औषधं देत असे. आबा तिथली वीज सांभाळत. तारेवरची लाईन, इमारतीच्या धाब्यावरच्या सौर पाट्यांनी भरणारी बॅटरी आणि डिझेल इंजिन; कशाची वीज कुठे सोडायची ते आबा ठरवत. आधी लशींचा फ्रीज, मग बाळंतिणीच्या खोलीतला दिवा, उरली तर डॉक्टरांचा पंखा.

“आबा, मीही माणूसच आहे,” घामाघूम डॉक्टर म्हणत.

“म्हनूनच, साहेब. मानसाचा घाम पुसता येतो.”

असा ताठा तुम्हीही पाहिला असेल. सौर पाटीवर कावळा बसला तरी आबा त्याला खालून नियम सांगत.

एका वैशाखात लाईन सकाळीच गेली. इंजिनाचा पट्टा तुटलेला. दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांना डोस द्यायचे होते. ऊन रणरणत होतं, तरी दुपारी बॅटरी उतरलेली. आबा धाब्यावर चढले, मागोमाग मी. पाट्यांवर जुनी लुगडी अंथरलेली आणि त्यांवर पांढऱ्याशुभ्र कुरडया.

“कुनाच्या ह्या?” आबा गरजले.

खालून त्यांच्याच बायकोचा आवाज आला, “आपल्याच हायेत! वरडू नका. तिथं शेळ्या येत न्हाईत, म्हनून घातल्या.”

“अगं, सूर्य झाकलास की!”

“झाकला कुठं? डोक्यावरच हाय की अजून.”

आबांनी लुगडी गोळा केली. ओल्या कुरडयांचा एकच गोळा झाला. मग पंखा, माझा दिवा, स्वतःच्या खोलीतला बल्ब, सगळं बंद करून ते फ्रीजच्या दाराला पाठ लावून बसले. डॉक्टरांनाही दार उघडू दिलं नाही. पहाटे लाईन आली तेव्हा लशी गार होत्या. सकाळी पोरं नेहमीसारखी रडली, म्हणजे सगळं सुरळीत झालं.

पुढे जिल्ह्याचे साहेब पाहणीला आले. इथे लस कधीच वाया गेली नाही, हे कळल्यावर त्यांनी निष्कर्ष काढला की यंत्रणा आपोआप चालते. आबांचं पद रद्द झालं. कर्जतकडे गावी जाण्याआधी त्यांनी डॉक्टरांना सगळे खटके दोनदा दाखवले. डॉक्टरांनी ते पंख्याखाली बसून पाहिले.

पुढच्या उन्हाळ्यात फ्रीज बंद पडला. त्यात आता कार्यालयाची रजिस्टरं ठेवतात. दार घट्ट बसत असल्यामुळे उंदीर शिरत नाहीत.