एका गाठीची कांडी

लक्ष्मय्यामामाबद्दल मी आजवर पुष्कळांना सांगितले; पण त्याचा माग बंद का पडला, ते कुणालाच सांगितले नाही. बायकोलाही नाही.

सोलापुरात आमचे माग एकाच पडवीत, शेजारी-शेजारी होते. मामा तेलुगू विणकर, माझ्या वडिलांच्या वयाचा. अमावास्येला गल्लीतले माग बंद असत. त्या दिवशी हा गृहस्थ डोळ्यांना पंचा बांधून मागाच्या खड्ड्यात उतरायचा आणि उभ्या सुतांतून धोटा फेकत बसायचा. डोळे धडधाकट असताना! लोक दारात उभे राहून विचारीत, "मामा, आंधळी कोशिंबीर कुणासंगं चाललीय?"

मामा पट्टी न काढता म्हणे, "बापाचं डोळं गेलं, थोरल्या भावाचं गेलं. माझं तेवढं ऱ्हानार हाय व्हय? आंधळं झाल्यावर शिकाय बसू का?"

रंग ओळखायची सोयही त्याने आधीच करून ठेवली होती. धोट्यात घालायच्या तांबड्या सुताच्या कांडीला एक गाठ, पांढऱ्याला दोन, हिरव्याला तीन.

पुढे डोळे खरेच गेले. आम्ही हबकलो. मामा मात्र जेवून उठला आणि मागावर जाऊन बसला. "शाळा संपली की, आता नोकरी," म्हणाला. कांड्यांना गाठी मारायचे काम तेवढे त्याने माझ्याकडे दिले. "विठ्या, माझं डोळं आता तुझ्या बोटात हायत बे."

एकदा मला बार्शीला सासुरवाडीच्या बारशाला जायचे होते. निघण्याआधी हातातले लुगडे संपवायचे, आणि पदराला तांबडे सूत पुरेना. मामाच्या कोनाड्यातल्या तांबड्या कांड्या मी उचलल्या. कोनाडा रिकामा लागला तर ओरडेल, म्हणून माझ्याकडच्या हिरव्या कांड्यांना एकेक गाठ मारून तिथे ठेवल्या. त्याचा पदर यायला अजून वेळ होता. परत आल्यावर बदलू, एवढाच माझा विचार.

परतलो तेव्हा मामा घडी घातलेले लुगडे मांडीवर घेऊन बसला होता. "चल बे व्यापाऱ्याकडं. तू यायच्या आत उरकलं. तुमा डोळंवाल्यांना जमंल का?"

घडी उलगडून बघायचेही धैर्य झाले नाही. त्याचा हात खांद्यावर घेऊन मी चालू लागलो.

दुकानात व्यापाऱ्याने लुगडे पसरले. काठ तांबडे आणि पदर हिरवागार. "मामा, हे नवरीनं नेसायचं की पोपटानं?" दुकान हसले. मामाने तोंड माझ्याकडे वळवले. "कंचा रंग हाय, विठ्या?"

"हिरवा," मी म्हणालो.

वाटेत तो अंगठ्याने आपली बोटे चाचपत होता. "मला तर एकच गाठ लागली. तू किती मारल्या हुत्या?"

"तीन, मामा."

तो थांबला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे बोटंबी गेली. डोळ्यांची तयारी केली बे, बोटांची केली न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्याने धोटा माझ्या हातात दिला. मी घेतला. त्यानंतर मामा उंबऱ्यावर बसून राही. कुणी सूत हातात दिले तरी चाचपून बघत नसे. माझ्या मागाचा आवाज ऐकत ऐकत एक दिवस तो गेला.

त्याची मुलगी लच्मम्मा अक्कलकोटला दिलेली आहे. तीही विणते. परवा आली होती. तिलाही आताशा धूसर दिसते. मी म्हणालो, "बापासारखी पट्टी बांधून सराव कर."

ती हसली. "काय उपेग, काका? बाची बोटंबी गेलीच की शेवटी."

मी तिला चहा दिला आणि गाडीत बसवून आलो.

तिच्या बापाची बोटे शेवटपर्यंत शाबूत होती. गाठ मी खोटी मारली होती. हे तिचे डोळे पुरते जाण्याआधी तिला सांगायला हवे, एवढे मी तिचे देणे लागतो. अजून सांगितलेले नाही.